भाड्याच्या घरात पाणी गळायला लागलं तर: दोन पानी पत्रकाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

काम ठरलं. पावसाळा तोंडावर आलाय, त्यात नवी मुंबईतल्या नेरुळ, जुईनगर, सानपाड्यातल्या भाडेकरूंसाठी दोन पानी पत्रक काढायचं. विषय फक्त पाण्याचा, म्हणजे नळ, पाइप, टाकी, संडास, ड्रेनेज. रंग, पंखे, पार्किंगची भांडणं यातलं काही नाही. वाचनालयातल्या दादांना डिपॉझिट पण घालायचं होतं (त्यांचं स्वतःचं अडकलंय कुठेतरी), पण त्यावर लिहायला बसलो तर दिवाळी उजाडेल. शिवाय डिपॉझिटचं भांडण महिनाभर थांबू शकतं, फुटलेला पाइप थांबत नाही आणि खालच्या मजल्यावरचे काका तर अजिबातच थांबत नाहीत.

टीम: मी, दादा, एक वकीलताई (बेलापूर कोर्टात असतात) आणि लेआउटसाठी कॉलेजचा एक पोरगा. प्लंबर शोधायचाय, जो काम करता करता बोलेल असा.

५ जून

अ‍ॅग्रीमेंटं गोळा केली. लोकांनी नावं, आधार नंबर झाकून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. सगळीच्या सगळी लिव्ह अँड लायसन्स, बहुतेक अकरा महिन्यांची. एजंट लोकांचा साचा एकच असतो, नाव पत्ता भाडं बदलतात आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतात, सही करणाऱ्याला आत काय लिहिलंय विचारलं तर भाडं, डिपॉझिट आणि लॉक-इन एवढंच सांगता येतं.

पाण्याशी संबंध येईल अशा जागा दोनच सापडल्या. एक, लाइटबिल पाणीबिल कोण भरणार. दुसरी, लायसन्सीने (म्हणजे राहणाऱ्याने, मालक तो लायसन्सर) जागा आहे तशी राखायची, नुकसान केलं तर स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. हे ‘झीज सोडून’ मी पेनाने गोल केलं. मालक आणि एजंट दोघंही वाक्य अर्ध्यावरच वाचतात आणि सांगतात की रिपेरिंग सगळं तुमच्याकडे. अहो, चाळीस वर्षांचा जीआय पाइप आतून गंजून गेला तर तो काय आठ महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या माणसाने गंजवला?

एका अ‍ॅग्रीमेंटमध्ये मात्र खरंच टाइप केलंय, लहानमोठी सगळी दुरुस्ती लायसन्सीच करणार. तिथे राहणाऱ्या पोरांनी सही पण केलीय.

९ जून, रविवार

वकीलताईंबरोबर बैठक, दुपार गेली पण गेली ते बरं झालं.

दादांच्या मसुद्यात सगळ्यात वर ठळक होतं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४, घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. ताईंनी वाचलं आणि विचारलं, हे कोणासाठी लिहिताय?

कलम चांगलंच आहे. उलट करार केलेला नसेल तर दुरुस्ती मालकाची. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची, पोस्टाने किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने, आणि त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून कापायचा. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच कापता येतो. म्हणजे १८ हजार भाडं धरलं तर वर्षाचे २ लाख १६ हजार आणि चौथा हिस्सा ५४ हजार. आणि भारी गोष्ट म्हणजे भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, मालकावर बंधनकारक. दादा एकदम खूश.

मग ताईंनी हवा काढली. हे सगळं कायद्याच्या भाषेतल्या भाडेकरूसाठी. आपल्याकडचे लोक लायसन्सी आहेत. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहायची नुसती परवानगी, तिची व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. भाडे कायद्यातलं कलम २४ लायसन्सीबद्दल बोलतं, पण ते मुदत संपल्यावर जागा रिकामी करून घ्यायला, आणि नाही केली तर दुप्पट वसूल करायला. तेव्हा लायसन्सीने कलम १४ चा कागद मालकाच्या तोंडावर मारायचा आणि भाडं कापायचं हा धोक्याचा खेळ आहे. त्याला मिळणार ते मुख्यतः अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय ते. सुखाधिकार कायद्यात कलम ५७ आहे, की जागेत धोकादायक दोष असेल आणि तो मालकाला माहीत असेल, राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. स्लॅबला ओल आहे आणि वर रंग मारून दिला, असल्या प्रकारात हे कामाचं.

दुसरी अडचण मला नंतर घरी येताना सुचली. समजा कलम १४ लागू झालं तरी १५ दिवस! तातडी हा प्रकारच त्यात नाही. संडास तुंबलाय आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊन बसा.

ठरलं काय, तर हक्काचं वाक्य खाली जाणार, आणि वर येणार अ‍ॅग्रीमेंटमध्ये सहीच्या आधी घालून घ्यायची ओळ. ताईंनी तिथेच लिहून दिली:

‘पाणीपुरवठा, ड्रेनेज व त्यामुळे विजेला निर्माण होणारा धोका याबाबतचा तातडीचा बिघाड लायसन्सीने लेखी (मेसेज धरून) कळवल्यापासून ४८ तासांत लायसन्सर दुरुस्त करील. न केल्यास लायसन्सी वाजवी खर्चात दुरुस्ती करून घेईल व ती रक्कम पावतीसह पुढील मासिक शुल्कातून वळती करील. वापरातील निष्काळजीपणामुळे झालेला बिघाड यातून वगळला आहे.’

शेवटचं वाक्य मालकासाठी. त्याच्याशिवाय कोणी सही करणार नाही.

११ जून

ठाण्याला नौपाड्यात मावशीकडे गेले होते, ती अजून जुन्या चाळीत, पागडीवाली (म्हणजे कायद्याच्या भाषेतली भाडेकरू, लायसन्सी नाही). तिथे कलम १४ जिवंत आहे. मागे सामायिक ड्रेनेजची लाइन खचली तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून एकच नोटीस दिली, वर्गणी काढून लाइन बदलली आणि ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात खर्च वाटला. कायद्यात असंच आहे. पण मावशीचं भाडं इतकं किरकोळ की वर्षाचा चौथा हिस्सा कापून प्लंबरचा चहा पण सुटायचा नाही, ‘मग खरा फायदा काय झाला’ विचारलं तर म्हणाली मालकाने उगाच अडवलं नाही, कागद होता ना हातात.

पत्रकात जुन्या ठाण्यासाठी वेगळी चौकट घालायची.

१३ जून

प्लंबर मिळाला. मामा म्हणतात सगळे त्यांना, सिडकोच्या इमारतींमध्ये वर्षानुवर्षं काम करतायत. त्यांच्याबरोबर नेरुळच्या एका वन बीएचकेत गेले.

पहिला प्रश्न, मेन कॉक कुठाय. भाडेकरू बाईंना माहीत नाही, मालकाला फोन केला तर त्याला पण नाही. संडासाच्या माळ्यावर सापडला, जुन्या सुटकेसच्या मागे. पितळी व्हॉल, वरचं लोखंडी चाक गंजून तपकिरी. मामांनी नुसत्या दोन बोटांनी फिरवून बघितलं आणि हात काढून घेतला. म्हणाले आता जोर लावला तर स्पिंडल तुटेल, मग पाणी ना धड चालू ना धड बंद. ‘पाइप फुटतो तेव्हा माणूस घाबरून इथेच जोर लावतो, आणि पाच मिनिटांच्या कामाचा दिवस होतो.’ त्यांचं म्हणणं, घरात शिरल्या शिरल्या हा बदलून दांडीचा बॉलव्हॉल टाकून घ्या मालकाकडून, पाव फेऱ्यात बंद होतो, आणि महिन्यातून एकदा उघडझाप करा म्हणजे जाम होत नाही.

दुसरं त्यांनी दाखवलं ते मला नवीनच. त्या घरात दोन लाइनी. किचनच्या नळाला महापालिकेचं डायरेक्ट पाणी, बाथरूम आणि फ्लशला गच्चीवरच्या टाकीचं. म्हणजे माळ्यावरचा कॉक बंद केला तरी बाथरूमचा फुटलेला नळ वाहतच राहणार. टाकीच्या लाइनचा कॉक गच्चीवर असतो आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे. हे सगळं रात्री दोन वाजता शोधायचं की आज दिवसाढवळ्या?

शटडाऊन (कामासाठी पाणीपुरवठा बंद) झाला की दुसऱ्या दिवशी त्यांचे फोन वाढतात म्हणे. लाइनीत हवा भरते, पाणी दणका मारत येतं आणि जुना सांधा नेमका तेव्हाच सुटतो. मोरबे धरणाच्या लाइनीचं काम, भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचं काम, अशी बातमी आली की त्या रात्री नळ उघडे टाकून झोपायचं नाही.

तातडीचं कशाला म्हणायचं यावर मामांचा हिशेब सोपा: पाणी थांबतच नाही, पाणी येतच नाही, घरातला एकुलता एक संडास तुंबलाय किंवा घाण उलटी वर येतेय, आणि ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचलीय. बाकी टपटप गळणारा नळ, हलणारं बेसिन, हळू भरणारा फ्लश, हे सांगून ठेवायचं, पण बोंब मारायची नाही.

तळमजल्यावाल्यांसाठी एक खूण. वरच्यांनी फ्लश केला की आपल्या नानी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीतून) पाणी वर येतं, तर चोकअप आपल्या घरात नाही, बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. अ‍ॅसिड ओतत बसू नका, ते सोसायटीचं काम.

१६ जून

पैसे कोणी द्यायचे याचा तक्ता. यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा आहे, मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला, पण तो राज्यांनी घेतला तरच लागू, आपल्याकडे १९९९ चाच चालतो. तरी त्याच्या परिशिष्टातली वाटणी वाचली. मालकाकडे: मोठी बांधकामाची दुरुस्ती, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, वायरिंग. भाडेकरूकडे: वॉशर, नळ, नाली साफ करणं, संडास बेसिन गिझरची दुरुस्ती. आमच्या पोराला हे अजिबात पटलं नाही, गिझर मालकाचा आणि दुरुस्ती माझी? मला पण अर्धंच पटतं. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने करून घ्यायची आणि कोणत्याही एका महिन्यात त्या महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंतच कापायचं असंही त्यात आहे, म्हणजे १८ हजारांत महिन्याला ९ हजार. आपल्या कलम १४ मध्ये मर्यादा वर्षाची, इथे महिन्याची.

तर तक्त्यावर स्पष्ट लिहायचं की ही वाटणी बंधनकारक नाही, बोलणी करताना धरायला बरी. आम्ही आमची एक ओळ वाढवली: भिंतीच्या किंवा लादीच्या आतलं ते मालकाचं, हाताला लागतं आणि रोज फिरवतो ते राहणाऱ्याचं, पण राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात जे बिघडलं ते काहीही असलं तरी मालकाचं. कायदा नाही हा, रिवाज म्हणून मांडतोय.

१९ जून

सोसायटीचा भाग. एका सेक्रेटरींना भेटले, माणूस सरळ आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या पाइपलाइनी, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइन, गच्ची, आणि पावसाच्या पाण्याची किंवा सामायिक पाइपची गळती, हे सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतलं त्या सभासदाचं. वरच्यांच्या बाथरूममधून आपल्या छतात आलं तर वरच्या सभासदाचं.

घोळ इथे होतो की भाडेकरू सभासद नसतो. तो तक्रार घेऊन ऑफिसात गेला की ‘ओनरला मेल टाकायला सांगा’. ओनर दुबईत. सेक्रेटरींनीच उपाय सांगितला, राहायला जातानाच मालकाकडून सोसायटीच्या नावे दोन ओळींचं पत्र घ्या की दुरुस्तीबाबत यांची तक्रार माझी समजावी. फुकटचं काम आणि कोणी करत नाही.

बाकी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस न चुकता घेतात बरं का (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याचं शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं), पण त्याच्या भाडेकरूचं ऐकायला कोणाला वेळ नाही.

२३ जून, रविवार

मालकाला पाठवायचा मेसेज तयार केला. लोकांना कलमं नको असतात, कॉपी-पेस्ट करता येईल असं काहीतरी हवं असतं.

‘नमस्कार काका, फ्लॅट नं. __. आज __ तारखेला __ वाजता बाथरूमचा अँगल कॉक तुटला, पाणी थांबत नाही. मेन कॉक बंद केलाय त्यामुळे घरात पाणी नाही. फोटो, व्हिडिओ पाठवतेय. प्लंबर आज __ वाजता येऊ शकतो, अंदाजे खर्च __ सांगतोय. तुमचा माणूस पाठवणार असाल तर __ वाजेपर्यंत कळवा. नाहीतर नुकसान वाढू नये म्हणून मी काम करून घेते. बिल पाठवेन, पुढच्या भाड्यात वळतं करू का?’

शेवटी प्रश्नचिन्ह ताईंनी घालायला लावलं. त्यांचं म्हणणं, होकार मिळाला की तो लेखी पुरावा, आणि नाही मिळाला तर लायसन्सीने परस्पर भाडं कापू नये, पूर्ण भाडं भरावं आणि खर्चाची मागणी वेगळी चालू ठेवावी. कारण भाडं थकलं की अ‍ॅग्रीमेंट रद्द करायचं कारण मालकाला आयतं मिळतं, आणि मग पाइप राहतो बाजूला. अन्याय्य वाटतं मला हे, पण पत्रक वाचून कोणाचं घर जाऊ नये.

२७ जून

पहिला प्रयोग. सीवूड्सला दोन मुली राहतात, मालक नाशिकला. त्यांचा फ्लशचा कॉक गेला. मेसेज जसाच्या तसा पाठवला, मालकाचं उत्तर आलं ‘ओके’. काम करून घेतलं, बिल पाठवलं, तर म्हणे ओके म्हणजे मी वाचलं! शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. मेसेजखाली आता टीप आहे: ‘ओके’वर थांबू नका, ‘हो, करून घ्या’ एवढं लिहून मागा.

बिलाची पण गंमत. प्लंबर बिल देत नाही, वहीचं पान पण देत नाही. मामा म्हणाले माझ्यासारख्यांकडून कागदावर काम, तारीख, रक्कम लिहून सही घ्या, सामान हार्डवेअरवाल्याकडून पक्क्या बिलावर घ्या, आणि पैसे यूपीआयने द्या. तिन्ही एकत्र ठेवले की कोणी नाही म्हणू शकत नाही.

८ जुलै

रात्रभर पाऊस, लोकल बंद, बैठक रद्द. फोन मात्र चालू. जुईनगरहून एक ताई, छतातल्या लाइटच्या होल्डरमधून थेंब पडतायत. मालकाला काय लिहू विचारत होत्या. आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) पाडा म्हटलं, खाली बादली नंतर, मेसेज त्याच्या पण नंतर. गच्चीखालचंच घर होतं, म्हणजे काम सोसायटीचं. पत्रकाच्या पहिल्या पानावर आता सगळ्यात वर दोनच गोष्टी: पाण्याचा कॉक आणि विजेची एमसीबी. अ‍ॅग्रीमेंटची ओळ त्याखाली सरकली.

१४ जुलै, रविवार

मसुदा एका घरमालकाला वाचायला दिला. वाशीचे रिटायर्ड काका, एक फ्लॅट भाड्याने देतात, त्यावरच घर चालतं. चिडले नाहीत, पण बरंच बोलले. भाडेकरू गळती सांगतच नाहीत, महिनोन्‌महिने बादली लावून ठेवतात आणि खालच्याचा स्लॅब भिजला की मग मला फोन, आणि ते नुकसान कोणाचं? मुद्दा खरा आहे. छोटी गळती पण त्याच दिवशी मेसेजवर कळवायची, हे आता जाड अक्षरात. तसंच बदललेला जुना पार्ट फेकायचा नाही, पिशवीत घालून ठेवायचा, मालकाला बघायला मिळाला की बिलावरची अर्धी शंका जाते. आणि त्यांना तपासायला यायचं असेल तर दार अडवू नये.

४८ तासांची ओळ त्यांना मान्य. फक्त ‘वाजवी खर्च’ऐवजी आकडा हवा होता. शेवटी असं ठरलं की रक्कम दोघांनी मिळून भरायची, आम्ही रिकामी जागा सोडू.

१८ जुलै

दुसऱ्या पानाच्या तळाला मदतीची जागा भरली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला. जुन्या भाडेकरूंसाठी कलम २९ पण घातलं, कारण नसताना मालकाने पाणी, लाइट, संडासाची सोय तोडली तर कोर्टाकडून परत चालू करून घेता येते. मुंबईत अशी प्रकरणं लघुवाद न्यायालयात, ठाणे जिल्ह्यात दिवाणी न्यायालयात.

२१ जुलै, रविवार

छपाई झाली, काळी-पांढरी, पाठपोट. तीन सोसायट्यांनी लिफ्टजवळच्या बोर्डावर लावू दिलं, एकीने सोसायटीच्या जबाबदारीचा भाग दुमडून लावलं (तेवढा दुमडायला वेळ बरा मिळाला). दादा नेरुळ स्टेशनबाहेर वाटतायत.

संध्याकाळी एजंटांकडे चक्कर मारली, खरं काम तिथेच होणार. बहुतेकांनी हसून कागद ड्रॉवरमध्ये टाकला. एक तयार झाला, म्हणाला रिन्यूअलच्या सगळ्या अ‍ॅग्रीमेंटांत ती ओळ टाकतो, पण मालकाने विचारलं हे कोणी घुसवलं तर मी तुमचं नाव सांगणार. सांग म्हटलं, नंबर पण दे.